सहा ठिपक्यांचा भुंगेरा : नाव ठरविण्यापूर्वी चार खुणा पाहाव्यात

मृग नक्षत्राचा पहिला पाऊस पडून जमीन निवली की शेताच्या धुऱ्यावर, गोठ्याच्या कडेला व दिव्याच्या उजेडाखाली नाना प्रकारचे कीटक दिसू लागतात. बुलढाणा जिल्ह्याच्या सिंदखेडराजा तालुक्यातील साखरखेर्डा हे गाव १७२४ सालच्या निजाम-उल्मुल्क व मुबारीझखान यांच्या लढाईमुळे इतिहासात नोंदले गेले आहे. परंतु आजच्या शेतकऱ्याच्या दृष्टीने त्याची खरी ओळख कपाशी, सोयाबीन, तूर व हरभरा यांची. पिकाच्या ओळींमध्ये काळीभोर जमीन, बांधावर कुसळी गवत, आणि पलीकडे बोरी-बाभळींचे मुरमाड माळरान, अशी येथील जमिनीची ठेवण आहे. अशाच कोरड्या व झुडपी मुलखात एक मोठा, काळा, पांढऱ्या ठिपक्यांचा भुंगेरा जमिनीवरून वेगाने धावताना आढळतो.

हा कीटक पाहताच शेतकऱ्याच्या मनात दोन प्रश्न उभे राहतात. तो विषारी आहे काय, हा पहिला. व तो पिकाचा शत्रू आहे काय, हा दुसरा. उत्तर मिळण्यापूर्वीच बहुधा पायातील वहाण आपले काम करून मोकळी होते. क्वचित एखादा जिज्ञासू शेतकरी तो बाटलीत घालून गावच्या कार्यकर्त्याकडे आणतो आणि विचारतो, "साहेब, हा कोणता किडा? याच्यासाठी फवारा कोणता घेऊ?" अशा वेळी योग्य उत्तर एकच : "भाऊ, आधी याचे ठिपके मोजू, मग पाय पाहू, फवाऱ्याचे त्यानंतर बोलू."

या लेखाचा विषय हीच मोजणी होय. कीटकाचे नाव ठरविणे हा विद्वानांचा विरंगुळा नसून शेतीच्या खर्चाचा, पिकाच्या रक्षणाचा आणि प्रसंगी माणसाच्या डोळ्यांचा प्रश्न आहे.

चुकीच्या नावाने काय बिघडते?

अलीकडे बहुतेकांच्या हाती मोबाईल आला आहे. कीटकाचे छायाचित्र घेतले की त्याच्याशी मिळतीजुळती चित्रे क्षणात समोर येतात. ही सोय उपयुक्त खरी. परंतु या ठिपकेदार भुंगेऱ्याच्या बाबतीत तीच पुष्कळदा दिशाभूल करते. कारण हा ज्या कुळातील आहे, त्या कुळाचे मुख्य घर आफ्रिका खंड होय. तेथील जातींची चित्रे विपुल असल्याने आपल्या माळरानावरील भुंगेऱ्यास आफ्रिकेतील एखाद्या जातीचे नाव सहज चिकटते. मग 'आफ्रिकेचा किडा आपल्या शेतात शिरला' अशी आवई उठण्यास वेळ लागत नाही.

ही भीती सर्वथा निराधार म्हणता येणार नाही, कारण परक्या मुलखातील कीटकांनी आपल्या पिकांना ग्रासल्याचे उदाहरण ताजे आहे. मक्यावरील अमेरिकन लष्करी अळी मूळची अमेरिका खंडातील. ती २०१६ साली आफ्रिकेत आढळली आणि २०१८ साली कर्नाटकात तिची भारतातील पहिली नोंद झाली. त्याच वर्षी ती महाराष्ट्रातही पोहोचली. त्या वेळी तिला इतर अळ्यांपासून वेगळे काढले ते दोन साध्या खुणांनी. डोक्यावर उलट्या इंग्रजी 'वाय' अक्षरासारखी फिकट रेषा आणि शेपटीकडील आठव्या वलयावर चौकोनात बसविलेले चार काळे ठिपके, या खुणा ज्यांनी वेळीच ओळखल्या त्यांना उपाय वेळीच करता आला.

यातून दुहेरी बोध घ्यावयाचा आहे. परका शत्रू खरोखर आला असेल तर तो त्वरित ओळखला पाहिजे. आणि जो आपल्याच मातीतील जुना रहिवासी आहे त्याला परका म्हणून मारता कामा नये. दोन्ही कामे एकाच साधनाने होतात. ते साधन म्हणजे खुणा नीट पाहण्याची सवय.

कूळ आफ्रिकेचे, जात आपली

आपल्याकडील या भुंगेऱ्याचे शास्त्रीय नाव 'अँथिया सेक्सगुटाटा'. लॅटिन भाषेतील या दुसऱ्या शब्दाचा अर्थ 'सहा थेंब असलेला' असा होतो. डेन्मार्कचे कीटकशास्त्रज्ञ फॅब्रिसियस यांनी १७७५ साली त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. म्हणजे हा कीटक काही काल-परवा जहाजातून आलेला नव्हे. भारताच्या रानातील त्याची नोंद अडीचशे वर्षांची आहे.

याच कुळात उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटी प्रदेशात राहणारी एक जात आहे. तिचे नाव 'अँथिया सेक्समॅक्युलाटा', म्हणजे 'सहा डाग असलेला'. एकाचे सहा थेंब, दुसऱ्याचे सहा डाग! नावांतील हे साम्य घोटाळ्याचे मूळ ठरते. मराठीत दोघांनाही 'सहा ठिपक्यांचा' म्हटले की भेदच उरत नाही. अरबस्तानाकडे बारा ठिपक्यांच्या नावाची आणखी एक जात आहे. तर दक्षिण आफ्रिकेतील एका जातीच्या छातीच्या दोन्ही बाजूंस दोन मोठे फिकट पट्टे असतात. म्हणून केवळ 'काळा व पांढऱ्या ठिपक्यांचा' एवढ्यावर जात ठरवू नये. ठिपके किती आहेत, ते शरीराच्या कोणत्या भागावर आहेत आणि कीटक कोणत्या गावी सापडला, या तिन्ही गोष्टी एकत्र पाहाव्यात. जेथे सापडला ते ठिकाण हीसुद्धा एक खूणच होय.

ओळखीच्या चार खुणा

पहिली खूण आकाराची. पूर्ण वाढलेला भुंगेरा सुमारे चार सेंटिमीटर लांब असतो. अंग काळे, कंबर आवळल्यासारखी, पाय लांब व धावण्यास योग्य, आणि जबडे पुढे आलेले व मजबूत. त्याला उडता येत नाही. दिवा लावताच भिरभिरत येऊन आदळणारा भुंगेरा हा नव्हे, हे एवढ्यावरूनच सांगता येते.

दुसरी खूण ठिपक्यांची. एकूण ठिपके सहा. त्यांपैकी दोन छातीच्या पाठीकडील भागावर, डावीकडे एक व उजवीकडे एक. उरलेले चार पाठीवरील कठीण पंखावरणांवर, प्रत्येक बाजूस दोन. हे ठिपके रंगाचे नसून दाट पांढऱ्या केसांचे असतात. केस घासले गेल्यास ठिपका पुसट होऊ शकतो. म्हणून एक ठिपका कमी दिसला एवढ्यावर नवी जात सापडली असे मानू नये.

तिसरी खूण मिशांची. जमिनीवरील शिकारी भुंगेऱ्यांच्या मिशा दोऱ्यासारख्या सरळ, अकरा कांड्यांच्या असतात. त्यांच्या टोकाला पंखा किंवा गाठ नसते.

चौथी खूण पावलांची, आणि हीच सर्वांत खात्रीची. भिंगातून पाहिल्यास पायाच्या टोकाशी लहान लहान कांड्या दिसतात. शिकारी भुंगेऱ्यांच्या सहाही पायांना अशा पाच-पाच कांड्या असतात. दिसण्यात काळे व त्यांच्यासारखेच, पण संथ चालणारे व कुजका पाला खाणारे दुसरे भुंगेरे असतात. त्यांच्या मागच्या दोन पायांना चारच कांड्या असतात. दहापट मोठे दाखविणारे साधे भिंग खिशात असले की हा भेद बांधावर उभे राहूनही पाहता येतो.

कोणाशी गल्लत होते?

सर्वांत मोठी गल्लत हुमणीच्या भुंगेऱ्याशी होते. हुमणीचा भुंगेरा पहिल्या पावसानंतर सायंकाळी जमिनीतून निघून कडुनिंब व बाभळीच्या झाडांवर पाने खाण्यास जातो व उजेडाकडे आकर्षिला जातो. तो तपकिरी, जाडसर व बिनठिपक्यांचा असून त्याच्या मिशांच्या टोकाला पानांच्या चवडीसारखा लहान पंखा असतो. त्याच्या अळ्या पिकांची मुळे खातात, म्हणून तो निश्चित शत्रू होय व सामुदायिकरीत्या गोळा करून नष्ट करण्यास योग्य होय. परंतु हुमणीच्या मोहिमेत बादलीत पडलेला प्रत्येक भुंगेरा हुमणीचाच असतो असे नाही. बादलीकडे एकदा डोळसपणे पाहून घ्यावे.

दुसरी गल्लत हिंग्यांशी होते. तूर, मूग, उडीद यांच्या फुलांवर बसून फुले खाणारे, काळ्या अंगावर तांबड्या वा पिवळ्या पट्ट्यांचे हिंगे सर्वांच्या परिचयाचे आहेत. त्यांच्या अंगातील द्रवाने कातडीवर फोड येतात. त्यांच्याही मागच्या पायांना चारच कांड्या असतात आणि ते फुलांवर आढळतात. सहा ठिपक्यांचा भुंगेरा फुलांवर चढून बसत नाही, तो जमिनीवर शिकार शोधतो.

तिसरी गल्लत मात्र मोठी मौजेची आहे. दक्षिण भारतातील झुडपी रानात एक झुरळ आढळते. त्याच्या काळ्या पाठीवर सात पांढरे ठिपके असतात. ते या भुंगेऱ्याचे सोंग घेते असे अभ्यासकांचे मत आहे. ठिपके सहा की सात, एवढी मोजणी केली तरी सोंग उघडे पडते.

सोंग घेण्याजोगे या भुंगेऱ्यात काय आहे?

झुरळाने या भुंगेऱ्याचे रूप घ्यावे याचे कारण भुंगेऱ्याच्या शेपटीच्या टोकाशी आहे. तेथील ग्रंथींतून तो डिवचला असता तीव्र आम्ल फवारतो. हे फॉर्मिक आम्ल होय. लॅटिनमध्ये मुंगीला 'फॉर्मिका' म्हणतात. अनेक मुंग्या हेच आम्ल सोडतात, त्यावरूनच आम्लास हे नाव पडले. काळ्या अंगावरील ठळक पांढरे ठिपके म्हणजे पशुपक्ष्यांना दिलेला 'दूर राहा' असा इशारा होय.

आफ्रिकेत या कुळातील भुंगेऱ्यांचा असाच दरारा आहे. दक्षिण आफ्रिकेतील आफ्रिकान्स भाषेत त्यांना 'डोळ्यात मुतणारा' अशा अर्थाचे नाव आहे. कालाहारीच्या वाळवंटात सरड्याच्या वर्गातील एका प्राण्याची पिल्ले काळ्या-पांढऱ्या रंगाची असून पाठ कमानीसारखी वाकवून, पाय ताठ ठेवून या भुंगेऱ्यांसारखी चालतात. मोठी झाली की तो रंगही सोडतात व ती चालही. ह्यूई व पियांका या शास्त्रज्ञांनी १९७७ साली ही गोष्ट प्रसिद्ध केली. दुर्बळ पिल्लाने बलवानाचे सोंग घेऊन जीव वाचवावा, असा हा निसर्गातील बहुरूप्याचा खेळ आहे.

शेतकऱ्याने यातून व्यवहाराची एकच गोष्ट लक्षात ठेवावी : हा भुंगेरा नुसत्या हाताने धरू नये व त्यावर वाकून तोंड जवळ नेऊ नये. मुलांना विशेष बजावावे. आम्ल कातडीवर पडल्यास आग होते. डोळ्यात गेल्यास इजा होऊ शकते. तसे घडल्यास डोळा चोळू नये. स्वच्छ पाण्याची धार निदान पंधरा मिनिटे सोडावी व ताबडतोब प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. डोळ्यात कोणताही पाला, रस किंवा दूध घालू नये. मात्र या कारणास्तव भुंगेऱ्यास ठार करण्याची आवश्यकता नाही. वाट सोडून दिली की तो आपल्या वाटेने जातो.

वारुळातला भाऊबंद

शिकारी भुंगेऱ्यांच्या याच मोठ्या घराण्यात मुंग्यांशी त्याहून जवळचा संबंध ठेवणारा एक गट आहे. त्यातील 'पॉसस' कुळाचे भुंगेरे थेट मुंग्यांच्या वारुळात राहतात. या कुळास लिनियस यांनी १७७५ साली नाव दिले. त्याच वर्षी त्यांचे शिष्य फॅब्रिसियस यांनी आपल्या सहा ठिपक्यांच्या भुंगेऱ्याचे वर्णन केले, हा योगायोग लक्षणीय आहे. पॉसस कुळाच्या जाती आफ्रिकेत पुष्कळ असून भारतातही अनेक आहेत. ब्रिटिश भारताच्या प्राणिसृष्टीवरील ग्रंथमालेत फाउलर यांनी १९१२ साली या भुंगेऱ्यांचे वर्णन केले, तेव्हा त्यांना स्वतंत्र घराणे मानले जात असे. आज शास्त्रज्ञ त्यांची गणना शिकारी भुंगेऱ्यांच्याच घराण्यात करतात. जुना ग्रंथ चाळणाऱ्याने हा बदल ध्यानात ठेवावा.

हे भुंगेरे लहान, साधारणतः एक सेंटिमीटर वा त्याहून कमी लांबीचे, तांबूस-तपकिरी व चपटे असतात. त्यांची अचूक खूण म्हणजे मिशा. इतर शिकारी भुंगेऱ्यांच्या मिशा दोऱ्यासारख्या. यांच्या मात्र फुगीर गदेसारख्या किंवा चपट्या शेंगेसारख्या असतात. तिसरी खूण सांगताना दिलेल्या नियमाचा हा अपवाद होय. पावसाळ्याच्या आरंभी रात्री दिव्याखाली गदेसारख्या मिशांचा एखादा बारीक भुंगेरा दिसल्यास तो जपून ठेवण्याजोगा नमुना समजावा.

हे भुंगेरे बहुधा मोठ्या डोक्याच्या मुंग्यांच्या वारुळात राहतात. मुंग्यांना आवडणारे स्राव ते अंगातून सोडतात. मुंग्या ते चाटतात व भुंगेऱ्यास आपल्यातलाच समजून वागवितात. भुंगेरा मात्र मुंग्यांच्या अळ्या व प्रसंगी मुंग्याही फस्त करतो. मोरोक्कोतील एका जातीवरील २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसून आले की, तो भुंगेरा अंग घासून कामकरी, शिपाई व राणी मुंगी यांच्या आवाजांसारखे आवाज काढतो. ज्या घरात जेवतो त्याच घरात चोरी करणारा हा पाहुणा पिकाला मात्र कोणताही उपद्रव देत नाही.

शेतीशी संबंध काय?

सहा ठिपक्यांचा भुंगेरा मांसाहारी आहे. तो पिकाचे पान, फूल किंवा मूळ खात नाही. जमिनीवर आढळणारे इतर कीटक पकडून खातो. अर्थात, त्याच्या भरवशावर कपाशीवरील बोंडअळीचा बंदोबस्त होईल अशी आशा कोणी धरू नये. बोंडअळी बोंडात दडलेली असते व भुंगेरा जमिनीवर फिरतो. एकटा कीटक पीक वाचवीत नाही. परंतु कोळी, मुंग्या, शिकारी भुंगेरे व पक्षी हे सारे मिळून शेतात जी बिनपगारी राखण करतात, तिचा तो एक हिस्सेदार आहे. हिस्सेदाराला हाकलून द्यावयाचे व त्याच्या कामासाठी औषध विकत आणावयाचे, हा हिशेब तोट्याचा होय.

अनोळखी कीटक दिसला की फवारा हाती घेण्याची सवय आणखी एका कारणाने घातक आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजुरांना प्राणास मुकावे लागले. आवश्यक फवारणीही सर्व काळजी घेऊनच करावयाची असते. मग जी मुळात अनावश्यक, तिच्यासाठी पैसा व जीव धोक्यात का घालावा?

या भुंगेऱ्यासाठी वेगळा खर्च करण्याची गरज नाही. धुऱ्यावरील गवताचा थोडा पट्टा राखावा, बांध सरसकट जाळू नये, दगडांचे ढीग व झुडपांचा आसरा काही ठिकाणी राहू द्यावा आणि जमिनीत टाकावयाची कीटकनाशके शिफारशीविना वापरू नयेत, एवढे पुरेसे आहे.

नमुना कसा पाठवावा?

नाव ठरविण्यास अडचण वाटल्यास अंदाज न बांधता नमुना तज्ज्ञांकडे पाठवावा. त्याची रीत सोपी आहे.

१. रुंद तोंडाची बाटली कीटकावर उपडी ठेवून खालून जाड कागद सरकवावा. हात लावू नये.

२. प्रथम छायाचित्र घ्यावे : एक वरून, एक बाजूने व एक मिशांचे जवळून. शेजारी आगकाडी किंवा नाणे ठेवावे, म्हणजे आकार कळतो.

३. एखादाच नमुना पुरे. तो सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये ठेवावा. उगाच बरेच भुंगेरे गोळा करू नयेत.

४. चिठ्ठीवर शिसपेन्सिलीने गाव, तालुका, दिनांक, पीक किंवा जागा, दिवसाची वेळ व पकडणाऱ्याचे नाव लिहून ती बाटलीतच टाकावी. शाईचे अक्षर अल्कोहोलमध्ये विरघळते.

५. वारुळाजवळ सापडल्यास तेथील चार-दोन मुंग्याही त्याच बाटलीत घालाव्यात. कोणत्या मुंगीच्या घरी तो राहतो, हे त्यावरून ठरते.

असे नमुने अकोला येथील डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या कीटकशास्त्र विभागाकडे नेता येतात. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे पश्चिम विभागीय केंद्र पुणे येथे आहे, तर शेतीशी संबंधित कीटकांची राष्ट्रीय संस्था बंगळूर येथे आहे. चिठ्ठीशिवायचा नमुना म्हणजे पत्त्याशिवायचे पत्र. तो कितीही दुर्मीळ असला तरी अभ्यासकाला त्याचा फारसा उपयोग होत नाही.

ग्रामकार्यकर्त्यांनी आपल्या कार्यक्षेत्रातील शाळांमध्ये व शेतकरी मेळाव्यांत या चार खुणा प्रत्यक्ष नमुना दाखवून समजावून द्याव्यात. कपाशीच्या ओळीतून धावणारा काळा भुंगेरा पाहून ज्या गावातील मूल 'मारा' असे न ओरडता 'एक, दोन, तीन' असे ठिपके मोजू लागेल, त्या गावात उद्या एखादा खरोखरचा परका शत्रू आला तरी तो फार काळ अनोळखी राहणार नाही.